न दिसलेल्यांची शिरगणती

पावसाळा तोंडावर आला की गोंदिया जिल्ह्यात सारस मोजतात. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठाने, तलावांच्या कडेने, धानाच्या बांध्यांजवळ माणसे उजाडायच्या आत जाऊन उभी राहतात. सगळीकडची मोजणी एकाच वेळी चालते, म्हणजे इथून उडालेला पक्षी तिथे पुन्हा मोजला जात नाही. समजा, अशाच एका पहाटे धुऱ्यापलीकडे एक मोठा सारस दिसला. पुरुषभर उंची, राखाडी अंग, लाल डोके. त्याच्या पायाशी तपकिरी डोक्याचे एक पिल्लू. डोळ्यांना दिसले दोन. पण सारस जोडीने राहतो आणि पिल्लू दोघे मिळून वाढवतात, हे ठाऊक असलेला माणूस लगेच म्हणेल, तिसरा इथेच कुठेतरी असणार.

मग वहीत काय लिहायचे, दोन की तीन? दोन हा डोळ्यांचा आकडा आहे आणि तीन हा नात्यावरून काढलेला.

सारसांच्या बाबतीत हा पेच फार वेळ टिकत नाही. थोडे थांबले की तिसरा गवतातून मान वर काढतोच. पण मोजायचे प्राणी सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी संपलेले असतील, तर थांबून काही उपयोग नाही. कोणत्या काळात डायनोसॉरांच्या किती जाती पृथ्वीवर नांदत होत्या, हा प्रश्न शास्त्रज्ञांना असाच नात्यांवरून सोडवावा लागतो. हाडे सांगतात तो दोनचा आकडा आणि वंशवृक्ष सांगतो तो तीनचा. या दोन आकड्यांमधल्या फरकाची ही गोष्ट आहे, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा पुरावा गोंदियापासून फार लांब नाही.

गोंदियात डायनोसॉर नव्हते का?

विदर्भात डायनोसॉरांचा विषय निघाला की नावे येतात ती चंद्रपूर आणि गडचिरोलीची. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला आणि डोंगरगावला हाडे मिळाली. सिरोंचाच्या बाजूला मिळाली. उत्तरेला जबलपुरात मिळाली, म्हणजे पूर्वी गोंदियाहून छोट्या गाडीने आणि आता मोठ्या गाडीने जायचे त्या जबलपुरात. मधल्या गोंदियात मात्र काही नाही. डायनोसॉर काय गोंदिया टाळून जात होते?

अर्थातच नाही. हाड टिकायला ते मेल्यावर लवकर गाळात पुरले जावे लागते, तो गाळ दगड व्हावा लागतो आणि तो दगड कोट्यवधी वर्षे झीज सोसून शिल्लक राहावा लागतो. गोंदियात पायाखाली आहेत ते बहुतांशी ग्रॅनाइटसारखे स्फटिकी खडक, डायनोसॉर जन्माला यायच्या कितीतरी आधीचे, अब्ज वर्षांच्या हिशेबातले. त्यांच्यावर डायनोसॉरांच्या काळातला गाळ साचला असेलही, पण तो वाहून गेला. म्हणजे इथल्या दप्तरात त्या काळाची पानेच उरलेली नाहीत.

नागपूर, चंद्रपूर आणि जबलपूरचे नशीब निराळे निघाले. तिथे नद्या-तळ्यांचा गाळ साचला आणि त्यावर, भूशास्त्राच्या हिशेबाने लगेचच, दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा पसरला. बरणीतल्या लोणच्यावर तेलाचा थर राहावा तसा तो लाव्हा गाळावर राहिला आणि खालचे जिन्नस टिकले. गाळाच्या या थरांना जबलपूरजवळच्या लामेटा घाटावरून ‘लामेटा’ म्हणतात. लाव्ह्याचे हे झाकण पूर्वेकडे नागपूरच्या आसपास संपते. गोंदिया झाकणाबाहेर राहिला.

नावे मोजण्यातली गोम

तेव्हा सर्वांत सोपी पद्धत, म्हणजे प्रत्येक काळातल्या खडकांत सापडलेल्या जातींची नावे मोजायची आणि आलेख काढायचा, ही पहिल्याच पावलाला अडखळते. ती डायनोसॉर मोजते असे वाटते, पण बऱ्याच वेळा ती खडक मोजत असते.

भारताचेच बघा. सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून नाव पडलेल्या खडकांत ज्युरासिक काळाच्या पहिल्या भागातले, ढोबळमानाने १७ ते १९ कोटी वर्षांपूर्वीचे डायनोसॉर मिळतात. त्यातला सर्वांत नावाजलेला बारापासौरस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून त्याची सुमारे ३०० हाडे गोळा केली, निदान सहा प्राण्यांची. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय, म्हणून बारापासौरस. आणि खोदकाम सुरू झाले ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे, म्हणून पुढचे नाव ‘टागोराय’. १९७५ साली हे बारसे झाले. सांगाडा आजही त्या संस्थेत उभा आहे.

यानंतरचे मोठे दप्तर उघडते ते थेट लामेटात, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी. मधली दहा कोटी वर्षे भारतात जवळजवळ कोरी, इथेतिथे एखादा तुकडा सोडला तर. सापडलेली नावे मोजून आलेख काढला तर चित्र असे दिसेल की भारतात डायनोसॉर होते, मग दहा कोटी वर्षे ते कुठेतरी गेले आणि अगदी शेवटी परत आले. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण हीच चूक जगाच्या आलेखात दडून बसली की ती लवकर ओळखू येत नाही.

त्यात माणसांचाही हात असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्याबोडक्या माळांवर दीडशे वर्षे शोधाशोध चालू आहे. आपल्याकडे त्याच काळातल्या थरांवर कुठे कापूस उभा आहे, कुठे गाव वसले आहे.

भाऊबंदकीचे गणित

नात्यांवरून मोजणी कशी होते ते कळायला आता जमिनीच्या कागदांकडे वळू. समजा, अर्जुनी मोरगावकडच्या एका घराण्याचे जुने कागद तुम्ही काढले. थोरल्या भावाच्या वंशजांची नावे १८९० पासून पुढे दिसतात. धाकट्याच्या वंशातला पहिला माणूस कागदावर येतो तो १९५० साली. आधीचे कागद वाळवीने खाल्लेले. पण दोन्ही घरे एकाच मूळपुरुषाची आहेत, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. मग १८९० ते १९५० या काळात धाकट्याची शाखा होती की नव्हती?

होतीच. १९५० सालचा माणूस आभाळातून पडला नाही. त्याचा बाप, त्याचा आजा कुठेतरी होते. ज्या क्षणी थोरली शाखा सुरू झाली, त्याच क्षणी धाकटीही सुरू झाली, कारण फाटा एकच. नावे कळणार नाहीत, ते कुठे राहत होते तेही कळणार नाही, पण शाखा जिवंत होती एवढे छातीठोकपणे सांगता येते.

जीवाश्मशास्त्रात नेमका हाच तर्क वापरतात. दोन सख्ख्या शाखांपैकी एकीचे हाड जुन्या थरात मिळाले, तर दुसरीही तितकीच जुनी असली पाहिजे, मग तिचे पहिले हाड कितीही उशिराचे असो. मधल्या, पुराव्यावाचूनच्या काळाला अमेरिकन शास्त्रज्ञ मार्क नोरेल यांनी १९९२ च्या सुमारास जे नाव रूढ केले त्यात चक्क भूत आहे. आपण अशा शाखेला ‘अदृश्य शाखा’ म्हणू. भुताची गरज नाही.

पण कोण कोणाचा भाऊ, हे हाडांवरून कसे ठरवायचे? इथे जुन्या पोथ्या मदतीला येतात. एकाच ग्रंथाच्या पाच हस्तलिखित प्रती समोर असल्या तर अभ्यासक सारखे असलेले शब्द बघत बसत नाही. ते तर सगळीकडेच सारखे असणार. तो नव्याने शिरलेल्या चुका बघतो. दोन प्रतींत एकाच ओवीत एकच चमत्कारिक चूक असेल आणि उरलेल्या तिन्हींत नसेल, तर त्या दोन प्रती एकाच तिसऱ्या प्रतीवरून उतरवल्या आहेत असे तो धरतो. हाडांचेही तसेच. दोन डायनोसॉरांना चार पाय आणि शेपटी आहे, हा पुरावा नव्हे. मणक्याच्या विशिष्ट जागी नव्याने आलेली एखादी पन्हळ किंवा खळगा दोघांतच असेल, तर तो पुरावा. अशी शेकडो वैशिष्ट्ये तक्त्यात मांडून संगणक सर्वांत कमी ओढाताणीचे झाड शोधतो.

पिसदुऱ्याचे शेण आणि आपला धान

हा तर्क नुसत्या हाडांपुरता नाही. त्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण डायनोसॉरांच्या विष्ठेतले आहे, आणि ते धानाच्या जिल्ह्यात सांगण्यासारखे आहे.

पिसदुऱ्याच्या शेतांत दगड झालेले शेणाचे गोळे मिळतात. ते लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरांचे असावेत असा तज्ज्ञांचा कयास. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोळे विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत वनस्पतींच्या पेशींत साचलेले सिलिकाचे कण होते. हे कण आपल्या ओळखीचे आहेत. निंदणी करताना धानाच्या पात्याने हात चिरतो तो त्यांच्यामुळे. तुसाच्या राखेने भांडी लख्ख निघतात तीही त्यांच्यामुळेच. पान कुजते, हे कण कुजत नाहीत, आणि प्रत्येक घराण्यात त्यांचा आकार निराळा असतो.

पिसदुऱ्याच्या गोळ्यांत गवतांचे कण निघाले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आले तेव्हा खळबळ उडाली, कारण गवताचे तोवरचे खात्रीचे अवशेष साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे होते आणि डायनोसॉरांनी गवत पाहिलेच नाही असे पाठ्यपुस्तके सांगत होती. पुढे २०११ साली याच मंडळींनी दाखवले की त्यातले काही कण भाताच्या घराण्यातल्या गवताचे आहेत. आजचा धान नव्हे. त्याच्या कुळातले रानगवत.

आता झाड आठवा. गवतांच्या वंशवृक्षात एका फाट्याच्या एका बाजूला भाताचे घराणे आहे आणि दुसऱ्या बाजूला बांबू आणि गहू यांची एकत्र शाखा. पिसदुऱ्याला जर भाताचे घराणे सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी हजर होते, तर बांबू-गव्हाची शाखाही तेव्हा हजर असलीच पाहिजे. तिचा एकही कण मिळाला नसता तरी हे म्हणता आले असते. मात्र बांबू आणि गहू एकमेकांपासून तोवर वेगळे झाले होते की नाही, हे या पुराव्यावरून सांगता येत नाही. तो फाटा त्यांच्या घरातला, आणि त्या घरातला कागद आपल्या हातात नाही. अदृश्य शाखेचा हिशेब असा कंजूष असतो. तो कमीत कमी किती होते, एवढेच सांगतो.

थारच्या वाळवंटातून चंद्रपूरला

आता डायनोसॉरांवर तोच प्रयोग. २०२३ साली जैसलमेरच्या परिसरातल्या थारोसौरस या नव्या डायनोसॉराचे वर्णन आयआयटी रुरकी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. वय सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षे. त्यांच्या मते तो लांब मानेच्या डायनोसॉरांच्या दोन मोठ्या शाखांपैकी डिप्लोडोकसच्या शाखेतला. दुसऱ्या शाखेत, खूप नंतरच्या काळात, चंद्रपूरच्या डोंगरगावचा आयसिसौरस येतो. त्याचा सांगाडा भारतीय सांख्यिकी संस्थेने खोदून काढला, १९९७ साली सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला नाव दिले आणि २००३ मध्ये त्याचे प्रजातिनाम बदलून संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसिसौरस झाले.

थारोसौरसची झाडावरची जागा बरोबर असेल, तर १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या रकान्यात एक नव्हे, दोन शाखा धराव्या लागतात: एक हाडांसकट आणि एक अदृश्य, जी पुढे फुटत-फुटत डोंगरगावच्या प्राण्यापर्यंत आली. ती अदृश्य शाखा तेव्हा भारतात होती का? माहीत नाही, आणि झाड ते सांगणारही नाही. झाड फक्त एवढे सांगते की ती जगात होती. भारतातल्या त्या कोऱ्या दहा कोटी वर्षांत झाड नुसत्या एका देशापुरते लावले तर फसगत ठरलेली, म्हणून ही मोजणी सहसा सगळ्या जगाचा एकत्र हिशेब धरून करतात.

[चौकट] वंशवृक्षावरून मोजणी, पायरीपायरीने

आधी हाडांच्या नव्या वैशिष्ट्यांवरून नात्यांचे झाड बनवायचे. प्रत्येक जातीच्या नावापुढे तिच्या खडकाचे वय लिहायचे. मग प्रत्येक फाट्याजवळ थांबून बघायचे की दोन बहिणींपैकी जास्त जुनी कोण. धाकटीची रेघ तितकीच मागे ओढायची. झाड असे वयाच्या पट्टीवर ताणून बसले की काळाचे उभे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यातून किती रेघा जातात ते मोजायचे. यात सापडलेल्या जाती आणि अदृश्य शाखा दोन्ही येतात. आलेला आकडा नेहमी ‘निदान इतके’ या अर्थाने वाचायचा. [चौकट समाप्त]

फक्त मागे पाहणारी मोजणी

या पद्धतीत एक मोठी खोट आहे आणि ती समजली नाही तर निकाल उलटा वाचला जातो.

पुन्हा ते घराणे. धाकट्या शाखेची पहिली नोंद १९५० ची होती; ती आपण मागे १८९० पर्यंत नेली. आता समजा तिची शेवटची नोंद १९७० ची आहे आणि मग कागद गप्प. शाखा खुंटली, की मुले नागपूरला नोकरीला गेली आणि जमीन विकून टाकली? थोरल्या भावाचे वंशज आजही गावात आहेत, पण त्यावरून काही कळत नाही. जन्माला आईबाप लागतात, म्हणून जन्म नात्यावरून शोधता येतो. मरणाला नातेवाईक लागत नाही.

म्हणून वंशवृक्ष शाखांचा आरंभ मागे ढकलतो, पण शेवट पुढे ढकलत नाही. सुरुवातीच्या कप्प्यांत अदृश्य शाखांची भर पडत जाते, शेवटच्या कप्प्यांत ती पडत नाही. परिणामी आलेखाचा शेवट आपोआप खाली झुकलेला दिसू शकतो, खरा ऱ्हास झालेला नसतानाही. मला वाटते डायनोसॉर उल्का पडायच्या आधीच संपत आले होते, या लोकप्रिय समजुतीमागे असल्या झुकलेल्या रेघांचा बराच हात आहे.

झाडच चुकले तर

दुसरी खोट झाडाची. नाते चुकीचे लावले तर अदृश्य शाखाही चुकीची येते, म्हणजे जे कधी नव्हतेच असे भाऊ आपण मोजतो. इथे जबलपूरची गोष्ट सांगितली पाहिजे.

१८२८ साली ठगांच्या बंदोबस्तामुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या बडा शिमला टेकडीपाशी हाडे मिळाली. त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवर मुख्य भिस्त ठेवून १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी टायटॅनोसौरस इंडिकस असे नाव दिले. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. शंभर वर्षे जगभरातले लांब मानेचे कितीतरी प्राणी या नावाच्या खुंटीला अडकवले गेले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळे पुन्हा तपासले आणि सांगितले की त्या मणक्यांतले जे वैशिष्ट्य १८७७ मध्ये एकमेव वाटले होते ते आता डझनावारी जातींत माहीत आहे. एका प्रतीतली चूक आता पन्नास प्रतींत सापडते, तर तिच्यावरून नाते लावता येत नाही. नाव बाद झाले. मूळ मणके तर तोवर हरवलेलेच होते. ते २०१२ मध्ये कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना पुन्हा मिळाले.

त्याच बडा शिमल्यावरच्या सुट्यासुट्या हाडांना १९३३ साली ह्यूने आणि मॅटली यांनी अर्धा डझनाहून जास्त मांसाहारी डायनोसॉरांची नावे दिली. एका टेकडीवर, एकाच थरात, इतके वाघ! त्यांतली बरीचशी नावे आज तज्ज्ञ ग्राह्य धरत नाहीत. एकाच प्राण्याचा मणका एका नावाने आणि पाय दुसऱ्या नावाने बसलेला असू शकतो. नावे मोजणाऱ्या पद्धतीत असली प्रत्येक चूक एक आकडा वाढवते. वंशवृक्षाची पद्धत इथे बरी, कारण एकटा मणका झाडावर नीट बसतच नाही, तो बाहेर राहतो. पण त्याची किंमतही आहे: खराखुरा वेगळा असलेला, पण तुटपुंज्या हाडांचा प्राणीही बाहेरच राहतो. आपल्या देशातले बहुतेक डायनोसॉर या दुसऱ्या रांगेत उभे आहेत.

मग शेवटी संख्या घटत होती का?

२००८ मध्ये ग्रेम लॉइड आणि सहकाऱ्यांनी अनेक छोटे वंशवृक्ष जोडून डायनोसॉरांचा एक महावृक्ष बांधला, चारशेहून अधिक जातींचा. त्यांचा निष्कर्ष असा की नव्या शाखा झपाट्याने फुटल्या त्या मुख्यतः डायनोसॉरांच्या इतिहासाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात. शेवटच्या एक कोटी ऐंशी लाख वर्षांत नावांची जी रेलचेल दिसते ती जास्त खडक आणि जास्त शोधाशोध यांतून आलेली. आणि अखेरीस हळूहळू ऱ्हास झाल्याचेही दिसत नाही.

मग २०१६ मध्ये मानाबू साकामोतो, मायकेल बेंटन आणि क्रिस व्हेंडिटी यांनी वेगळी युक्ती लढवली. मुळापासून प्रत्येक शेंड्यापर्यंत वाटेत किती फाटे लागतात ते मोजले. फाटे एकाच वेगाने फुटत राहिले असते, तर जितका उशिराचा शेंडा तितके वाटेत जास्त फाटे असते. पण एका टप्प्यानंतर फाट्यांची संख्या वाढेनाशी झालेली दिसली. त्यांचे म्हणणे पडले की शेवटाच्या कोट्यवधी वर्षे आधीपासूनच नव्या जाती होण्यापेक्षा जुन्या मिटण्याचा वेग जास्त होता. चार वर्षांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी संबंधित बॉन्सर, बॅरेट, रेव्हन आणि कूपर यांनी हाच प्रयोग निरनिराळ्या झाडांवर केला. झाड बदलले की उत्तर बदलत होते, आणि बहुतेक झाडांत ऱ्हासाचा पुरावा मिळाला नाही.

२०२५ मध्ये ख्रिस्तोफर डीन आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या शेवटच्या एक कोटी ऐंशी लाख वर्षांसाठी झाड बाजूला ठेवून तिसरीच वाट धरली. सारस मोजणाऱ्यांना ती लगेच कळेल. एकाच पाणथळीवर पुन्हा पुन्हा जायचे. कधी पक्षी दिसतो, कधी नाही. त्यावरून ‘असूनही न दिसण्याची’ शक्यता काढायची. पक्षी-अभ्यासकांचे हे गणित त्यांनी हाडांच्या ठिकाणांना लावले. डायनोसॉरांची वस्ती फारशी आक्रसलेली दिसली नाही. आक्रसले होते ते हाडे सापडू शकतील असे उघडे खडक.

या वादात मला स्वतःला ऱ्हासाची बाजू कच्ची वाटते. पण तेवढीच महत्त्वाची गोष्ट अशी की शेवटच्या डायनोसॉरांबद्दलची जगाची बहुतेक माहिती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून आलेली आहे. एका तालुक्यातल्या सारसांवरून भारताची संख्या ठरवण्यासारखा हा प्रकार. जगाच्या दुसऱ्या टोकाला, लाव्हा पसरत असतानाच्या आसपास डायनोसॉरांचे काय चालले होते, ते सांगू शकणाऱ्या मोजक्या जागांत पिसदुरा, डोंगरगाव, जबलपूर आणि गुजरातचे राहियोली आहेत.

सारस कोणाच्या बाजूचा

आता झाड पूर्ण करायचे तर एक फांदी राहिली आहे. राहियोलीला राजासौरस नावाचा मांसाहारी डायनोसॉर मिळाला. २००३ मध्ये त्याचे बारसे झाले. तो आणि डोंगरगावचा आयसिसौरस एकाच काळातले, एकाच देशातले, दोघेही डायनोसॉर. पण वंशवृक्षावर राजासौरसचा जवळचा नातेवाईक आयसिसौरस नव्हे. त्याहून जवळचा आहे गोंदियाच्या बांधीत उभा असलेला सारस. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांच्या मोठ्या शाखेतूनच पक्षी फुटले, आणि ती एक फांदी उल्कापातातून वाचली. आज तिच्यावर सुमारे ११ हजार जाती आहेत, त्यांत क्रौंचांच्या कुळातल्या १५, आणि त्यांतला एक सारस. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः गोंदियात आहेत. ते काही डझन आहेत आणि त्यांना मोजायला अजून तरी झाड लागत नाही.

जुन्या शाखांसाठी मात्र झाडाला खात्रीची वये लागतात, आणि वय हाडात नसते, थरात असते. वरोरा, उमरेड, सिरोंचा या भागांत विहीर खणताना किंवा नांगरताना जड, हाडासारखा किंवा अंड्यासारखा गोल दगड दिसला तर तो उचलून घरी आणू नये. जागेवरच राहू द्यावा, फोटो काढावा, गट क्रमांक आणि किती खोलीवर मिळाला ते लिहून ठेवावे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. त्यांचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे.